मोठी दुरुस्ती, छोटी मुदत : पालघर-बोईसरच्या सोसायट्यांनी पैसा कसा उभा करायचा?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या घरात छताचं प्लास्टर जेवणाच्या ताटात पडलंय त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली, सोसायटीकडे पैसे कमी आहेत आणि काम थांबवता येत नाही. मधल्या काळापुरता पैसा आणायचा कुठून आणि तो फेडायचा कसा, एवढंच आज आपण बघणार आहोत.

आपल्याकडेच का?

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याच्या आधी, एप्रिल २०१३ मध्ये, चर्चगेट लोकल डहाणूपर्यंत आली. बोईसर-तारापूरला तर अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, आणि नंतर एमआयडीसी वाढली तशी कामगारांसाठी तळमजला अधिक तीन, अधिक चार अशा इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या कित्येक आज वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत.

पंचवीस वर्षं हे काँक्रीटचं म्हातारपण नव्हे. पण आपली हवा बघा. सातपाटी, शिरगाव, केळवे, चिंचणी, तारापूर हा सगळा खाऱ्या वाऱ्याचा पट्टा. मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या भेगांतून सळईपर्यंत पोहोचतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. वर कारखान्यांची आम्लयुक्त हवा, चार महिने पाऊस आणि गच्चीवर तुंबलेलं पाणी. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे हादरेही सुरू झाले, त्यातला एक फेब्रुवारी २०१९ मध्ये ४.१ तीव्रतेचा होता. धडधाकट इमारत असे धक्के सोसते, पण गंजलेल्या कॉलमला ते परवडत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि सतरा माणसं गेली. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हा ठराव मांडण्याआधी दोनदा विचार करा.

मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. पालघर-बोईसरच्या इमारतींना ती सोय नाही. इथे दुरुस्तीचा खर्च राहणाऱ्यांच्याच खिशातून जाणार, हे आधी मान्य करू.

आधी ऑडिट, मग पैसा

आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. ऑडिट म्हणजे इंजिनिअरने गच्चीवर चक्कर मारून दिलेलं पत्र नव्हे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल, कार्बोनेशन या चाचण्या आणि गरज पडली तर काँक्रीटचा कोअर काढून बघणं, हे सगळं त्यात यायला हवं. नंतर प्रत्येक कामाचं मोजमाप आणि दर असलेलं अंदाजपत्रक. कर्जाची रक्कम या कागदावरून ठरते, कंत्राटदाराच्या तोंडी आकड्यावरून नाही.

आणखी एक तपासा. इमारत नवी असेल, ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. अशा वेळी कर्ज काढण्याआधी बिल्डरला लेखी नोटीस द्या.

सिंकिंग फंड असतो, पण पुरत नाही

लोक म्हणतात, इतकी वर्षं सिंकिंग फंड भरला, तो गेला कुठे? गेला नाही, मुळातच तो लहान आहे. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. हा बांधकाम खर्च इमारत बांधली तेव्हाचा, आणि जमिनीची किंमत वगळून. समजा फ्लॅटचा बांधकाम खर्च तेव्हा चार लाख होता. म्हणजे सिंकिंग फंड वर्षाला एक हजार रुपये. चोवीस फ्लॅट, वीस वर्षं : चार लाख ऐंशी हजार, अधिक व्याज. आजच्या दराने एवढ्यात मोठं काम होत नाही. 'किमान' हा शब्द आपण 'कमाल' म्हणून वाचला, गोम तिथेच आहे.

हा पैसा ठेवलाय कुठे, तेही बघा. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असतं, आणि इथे अख्खी सोसायटी हा एकच ठेवीदार. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. दुरुस्ती दोन वर्षांवर आली असेल तर सगळा निधी एकाच ठिकाणी ठेवू नका.

मधली दरी

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बाहेरच्या बाजूचं काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात होतं. म्हणजे कंत्राटदाराला पैसे सात-आठ महिन्यांत द्यायचे. सभासद मात्र ते दोन-तीन वर्षांत देऊ शकतात. काम वेगाने होतं आणि वसुली हळू होते, या दोन्हींमधली दरी भरण्यासाठी अल्पमुदतीचं कर्ज.

परदेशात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, पडकं घर घेऊन दुरुस्त करणारे 'ब्रिजिंग लोन' घेतात. तिथे सावकार पहिला प्रश्न विचारतो : बाहेर कसे पडणार? घर विकून की दुसरं मोठं कर्ज घेऊन? सोसायटी इमारत विकणार नाही. तिच्याकडे बाहेर पडायची वाट एकच, सभासदांचा मासिक हप्ता. म्हणून खरा प्रश्न बँक किती देईल हा नसून चोवीस घरं दरमहा किती भरतील हा आहे.

एक हिशोब

समजा बोईसरमधली सारख्या आकाराच्या चोवीस फ्लॅटची सोसायटी. काम तीस लाखांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, पाच लाख चाळीस हजार. हा जीएसटी बहुतेक सोसायट्या अंदाजात धरायला विसरतात. सल्लागाराची फी आणि अनपेक्षित कामं धरून एकूण चाळीस लाख. अनपेक्षित काम निघतंच, कारण प्लास्टर काढल्याशिवाय आतली सळई दिसत नाही.

ठेवी आहेत नऊ लाखांच्या. उरले एकतीस लाख. एवढं सगळं कर्ज काढलं, १२ टक्के व्याज आणि छत्तीस महिने धरले, तर प्रत्येक घराला महिन्याला साधारण ४,२९० रुपये.

आता दुसरी रीत. ऑडिट जानेवारीत, ठराव मार्चमध्ये, आणि एप्रिलपासूनच प्रत्येकाने ३,५०० रुपये भरायला सुरुवात करायची. ऑक्टोबरपर्यंत सात महिन्यांत पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार जमा. आता कर्ज लागेल सुमारे पंचवीस लाख, आणि हप्ता घरटी साधारण ३,४६०. म्हणजे जेवढं आधीपासून भरतोय तेवढंच पुढे भरायचं.

व्याज वाचतं हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा म्हणजे कर्ज घेण्याआधीच रंगीत तालीम होते. सात महिन्यांत चार घरांनी एक रुपयाही दिला नाही तर ते आत्ताच कळतं. कर्ज घेतल्यावर तीच चार घरं थकली तर दरमहा सुमारे १३,८०० रुपये कमी पडतील आणि सहा महिन्यांत सोसायटीचा एक अख्खा हप्ता बुडेल. तो मग उरलेल्या वीस घरांवर येतो. इमारत पडायच्या आधी शेजार मोडतो तो असा.

पैसा कुठून, कुठल्या क्रमाने

पहिलं, स्वतःच्या ठेवी. सिंकिंग फंड वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि वास्तुविशारदाचा दाखला लागतो, ते कागद आधी करा. ठेव दोन-तीन महिन्यांत पिकणार असेल तर मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. पण पैसे पूर्ण खर्चच होणार असतील आणि ठेव पिकायला दोन वर्षं असतील, तर मोडलेली बरी.

दुसरं, ऐपत असलेल्या सभासदांची आगाऊ रक्कम. ज्यांना एकरकमी जमेल त्यांना व्याजाचा भार नको, असं ठरावात स्पष्ट लिहा. नाहीतर एकदम भरणाराही व्याज देतो आणि पुढच्या वेळी तो एकदम भरत नाही.

तिसरं, बँकेचं किंवा सहकारी बँकेचं सोसायटीच्या नावावरचं कर्ज. सोसायटीची कर्ज घेण्याची मर्यादा तिच्या भाग भांडवल आणि निधीशी जोडलेली असते. आपल्याकडे सभासदाचे शेअर्स बहुधा पाचशे रुपयांचे. चोवीस सभासदांचे झाले बारा हजार! म्हणून उपनिबंधकांच्या परवानगीचा विषय लवकर काढा. दुसरी अडचण कन्व्हेयन्सची. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर बँकेकडे गहाण काय ठेवणार? मानीव अभिहस्तांतरणाचं काम दुरुस्तीच्या वर्षी नव्हे, आजच सुरू करा.

कर्ज मिळालं तर ते बिलाप्रमाणे टप्प्याटप्प्याने उचला. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. काम संपेपर्यंत फक्त व्याज आणि नंतर पूर्ण हप्ता, अशी सवलत मिळते का ते विचारा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही सही करण्याआधी विचारा.

चौथं, ज्याचं त्याने वैयक्तिक कर्ज. पगारदारांना गृहदुरुस्ती कर्ज किंवा कामाच्या ठिकाणच्या पतसंस्थेचं कर्ज मिळतं. पण एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या माणसाकडे पगाराची स्लिपच नसते. त्याच्यासाठी सोसायटीने एकत्र घेतलेलं कर्जच स्वस्त पडतं.

आणि जे करायचं नाही ते : महिना दोन टक्क्यांचा खासगी पैसा. ऐकायला दोन, वर्षाला चोवीस. 'आमच्याकडून काम करून घ्या, पैसे सावकाश द्या' असं म्हणणारा कंत्राटदारही फुकट थांबत नाही, त्याचं व्याज दरात मिसळलेलं असतं. दोन निविदा शेजारी ठेवल्या की दिसतं.

पैसे सोडताना

आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, पुढची बिलं प्रत्यक्ष मोजमापावर आणि सल्लागाराच्या सहीनंतर द्या. प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवा आणि ते किमान एक पावसाळा बघून सोडा. टीडीएस कापायला विसरू नका, कंत्राटदार व्यक्ती असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन. त्यासाठी सोसायटीचा टॅन नंबर हवा. पैसे कमी असतील तर रंग मागे ठेवा. आधी लोखंडी टेकू, मग कॉलम-बीम, मग गच्ची आणि पाइप, सर्वांत शेवटी रंग. रंगाने इमारत तरुण दिसते, उभी राहत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*मालक मुंबईला राहतात, फ्लॅट भाड्याने दिलेत. ते पैसे देत नाहीत, काय करायचं?*

बोईसरमध्ये हे घरोघरी आहे. भाडेकरूवर राग काढून उपयोग नाही, देणं मालकाचं आहे. थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं, आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली वसुली दाखला मिळवता येतो. मात्र त्याला वेळ लागतो, त्या वेळात बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून दोन-तीन हप्त्यांएवढी रक्कम सुरुवातीलाच बाजूला ठेवा. आणि सभेची नोटीस, इतिवृत्त, मागणीपत्र प्रत्येक मालकाला पोहोचल्याची पोच ठेवा. दाखला कागदावर मिळतो, भांडणावर नाही.

*पुनर्विकासच करावा का? दुरुस्तीला पैसा कशाला घालायचा?*

बिल्डर लेखी प्रस्ताव घेऊन समोर उभा असेल तर जरूर तुलना करा. पण पुनर्विकासाला नुसती चर्चा, निविदा आणि परवानग्या यांतच काही वर्षं जातात, आणि आपल्या भागातल्या प्रत्येक प्लॉटमध्ये बिल्डरला रस असेल असंही नाही. तोवर लोक राहणार त्याच छताखाली. अशा वेळी पूर्ण काम न काढता सुरक्षिततेपुरतं काम करा आणि कर्जाची मुदत पुनर्विकासाच्या अपेक्षित तारखेच्या आत संपेल अशी ठेवा. आणि इंजिनिअरने इमारत धोकादायक, राहण्यायोग्य नाही असं लिहून दिलं असेल, तर मग कर्जाचा हिशोब बाजूला ठेवा. आधी माणसं बाहेर काढा.

घरी गेल्यावर तीन कागद शोधा : शेवटचं ऑडिट, ठेवींच्या पावत्या आणि कन्व्हेयन्स. यातला जो सापडणार नाही, तो पुढच्या सभेचा पहिला विषय.