जिवाचे मोल

नाशिकच्या काळाराम मंदिरात दर्शनाला जाणारा माणूस रामाकडे पाहतो, सीतेकडे पाहतो आणि लक्ष्मणाला हात जोडून पुढे सरकतो. वास्तविक या गावाचे नावच लक्ष्मणाच्या करणीवरून पडले, असे आम्ही नाशिककर लहानपणापासून ऐकत आलो. शूर्पणखेचे नाक कापले गेले ते येथे. आज्ञा रामाची, पण शस्त्र उचलले लक्ष्मणाने. आणि त्या एका नाकाचा हिशेब पुढे खर-दूषणांपासून थेट लंकेपर्यंत गेला! राखणदाराचा हात फार उपयोगाचा खरा; पण त्याची किंमत कोणाला तरी, कधीतरी मोजावी लागते.

हे सारे आठवायला एक विद्यार्थी कारण झाला. मी मराठीचा प्राध्यापक. तास संपल्यावर मुले माझ्याशी कवितेपेक्षा कबड्डीवरच अधिक बोलतात. परवा एकाने विचारले, “सर, ज्याच्या नावावर गुणच नाहीत असा गडी संघात ठेवून काय फायदा?”

मी त्याला आधी दूरदेशीचे उदाहरण दिले. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. तेथील व्यावसायिक संघांत अनेक वर्षे एक खास गडी असे. गोल करणे हे त्याचे काम नव्हेच. आपल्या हुकमी खेळाडूला कोणी आडदांडपणे धक्का दिला, की हातमोजे फेकून त्या धक्का देणाऱ्याशी दोन हात करायचे, हे त्याचे काम! पंच दोघांनाही पाच मिनिटे बाहेर बसवत. वेन ग्रेट्झकी हा त्या खेळातला राजा; एडमंटनच्या संघात डेव्ह सेमेन्को त्याची पाठराखण करी. पुढे 1988 साली ग्रेट्झकी लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तेव्हा मार्टी मॅक्सॉर्ली हा त्याचा दुसरा राखणदारही त्याच सौद्यात त्याच्याबरोबर गेला. राजा निघाला तो पाठीराख्याला घेऊनच!

आपल्याला यात नवल वाटायला नको. प्रतापगडाखाली 1659 साली सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला आणि मराठी भाषेला एक म्हण मिळाली : होता जिवा म्हणून वाचला शिवा. प्रश्न एवढाच, की वार झालाच नाही, तर जिवाची किंमत कशी ठरवायची?

या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. 1998 साली मी महाविद्यालयात शिकत होतो. अंगाने काटकुळा आणि डोळ्यांवर चष्मा; त्यामुळे कबड्डीच्या संघात माझी नेमणूक झाली ती हिशेबनीस म्हणून. कोणी किती चढाया केल्या, किती पकडी केल्या, हे मी एका वहीत रकाने आखून लिहीत असे. त्या वहीचा मला मोठा अभिमान होता.

आमचा चढाईपटू शिंप्याचा मुलगा. वेताच्या छडीसारखा लवचीक. निदान रेषेजवळून वळून मध्यरेषेकडे झेपावला, की समोरच्यांच्या हाती नुसती माती यायची. डाव्या कोपऱ्यात उभा राही तो निफाडकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा. त्याला आम्ही पहिलवान म्हणत असू. बोलणे कमी आणि खांदे दाराएवढे.

एका गावच्या सामन्यात प्रतिपक्षाने डाव ओळखला. आमच्या गड्याची पकड झाली, पंचांची शिट्टी वाजली, तरी एकजण त्याच्या गुडघ्यावर बसून राहिला. पुन्हा तसेच झाले. पंच तिकडे पाहीनात. चढाईच्या वेळी आपला गडी एकटाच असतो. पहिलवान मध्यरेषेअलीकडून नुसता पाहत होता. मग त्यांचा गडी चढाईला आला. पहिलवानाने त्याची मांडी धरली, सबंध उचलला आणि खाली आणला. शिट्टी होताच तत्काळ सोडला. सगळे नियमात! फक्त उठताना त्याच्या कानाशी वाकून तो काहीतरी बोलला. त्यानंतर त्या सामन्यात आमच्या गड्याच्या गुडघ्याला कोणी हात लावला नाही. माझ्या वहीत नोंद झाली : पकड एक, गुण एक. कानात बोललेल्या वाक्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

पुढल्या महिन्यात दुसऱ्या गावी उपांत्य सामना होता. सातवा गडी कोण, असे कर्णधाराने मला विचारले. मी वही उघडली. सात सामन्यांत पहिलवानाचे गुण चार. राखीव बसणाऱ्या एका चपळ पोराचे तीनच सामन्यांत अकरा. मी बोट ठेवून दाखवले. पहिलवान निमूटपणे बाहेर बसला आणि टॉवेल सांभाळू लागला.

तो सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. त्या चपळ पोराने पाच गुण केले. वहीचे काही चुकले नव्हते. परंतु उत्तरार्धात, शिट्टीनंतर, दोघेजण आमच्या चढाईपटूच्या पायावर पडले. पंचांनी समज दिली. तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही.

पहिलवान असता तर हे टळले असते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. धाकाचा हिशेब असाच असतो. तो लागू पडला तर काही घडत नाही आणि जे घडले नाही ते वहीत लिहिता येत नाही. 2018 साली प्रो कबड्डीच्या लिलावात कोटीची बोली लागलेला पहिला खेळाडू इराणचा फझल अत्राचली हा बचावपटूच होता, याचा मला आनंद झाला. पण ते मोलही मुख्यतः पकडींचे; पकडी मोजता येतात.

दुसरी बाजूही मी विद्यार्थ्याला सांगितली. बर्फावरच्या हॉकीत डेरेक बूगार्ड नावाचा असाच एक राखणदार होता. 277 सामने आणि गोल अवघे 3. 2011 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. डोक्यावर वारंवार आघात झालेल्यांना जडणारा विकार त्याच्या मेंदूत आढळला. आता तेथे मारामाऱ्या पुष्कळ कमी झाल्या आहेत. आपल्याकडेही कबड्डीत हिरवे, पिवळे, लाल कार्ड आले. पिवळे मिळाले की दोन मिनिटे बाहेर. हे योग्यच झाले. पंच जागा असेल तर राखणदाराला रात्रंदिवस जागावे लागत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मी निफाडकडे गेलो होतो. पहिलवान द्राक्षबागेत कात्री घेऊन उभा होता. डाव्या हाताचे एक बोट वाकडे राहिले आहे. इतक्या वर्षांनी मी वहीची गोष्ट काढली आणि चुकलो म्हणालो.

तो हसला. “मास्तर, खरं सांगू? तू मला बाहेर बसवलंस ना, त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपलो. सामन्याच्या आदल्या रात्री मला झोपच यायची नाही. उद्या कोणाला आपटावं लागेल, हेच डोक्यात.”

“मग करायचास कशाला?”

“पंच बघत नव्हते. कोणीतरी बघायला पाहिजे होतं.” मग कात्री थांबवून म्हणाला, “पण तो पडला तेव्हा मी टॉवेल धरून बसलो होतो. ती रात्र मात्र अजून जात नाही.”

निघताना त्याने बेदाण्याच्या दोन पिशव्या दिल्या. एक माझी. दुसरी शिंपी गल्लीत पोहोचवायची होती. दर दिवाळीला तो ती पाठवतो, हे मला तेव्हा कळले. मी ती घेऊन गेलो. आमचा चढाईपटू दुकानात शिलाई यंत्रावर बसला होता. उजवा पाय पायट्यावर, डावा सरळ लांब केलेला. पिशवी पाहताच त्याने विचारले, “पहिलवान बरा आहे ना?”

वहीबद्दल त्याने काही विचारले नाही. मलाही तेथे बोलवले नाही.