नव्या बॅटीचे पहिले दिवस

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम होतो. कृष्णेच्या वरच्या अंगास सांगली, म्हणजे विजय हजारे यांची जन्मभूमी. पंचगंगेच्या काठी कोल्हापूर, म्हणजे डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांचे गाव. अशा पट्ट्यात मुलांना क्रिकेटची ओढ असावी यात नवल नाही. परीक्षा संपताच हट्टाने नवी बॅट येते आणि कधी आठवड्याच्या आतच तिला चीर पडते. मग मुलाला बोलणी बसतात, दुकानदाराशी वाद होतो. वस्तुतः दोष पुष्कळदा दोघांचाही नसतो. तो घाईचा असतो.

विलोचे लाकूड हलके व मऊ असते. कारखान्यात ते दाबून काढलेले असले तरी वरचे तंतू टणक सीझन बॉलसाठी पुरते तयार नसतात. म्हणून प्रथम जवसाचे कच्चे तेल घ्यावे. चमचाभर तेल कापडावर घेऊन दर्शनी भाग, कडा व तळ यांवर पातळ हात फिरवावा. मूठ पात्यात बसविलेला सांधा आणि चिकटवलेली चित्रे वगळावीत. पारदर्शक आवरण असेल तेथेही तेल लावू नये. बॅट आडवी ठेवून दिवसभर मुरू द्यावी. असे दोन-तीन हात पुरेत. अधिक तेलाने बॅट जड व निर्जीव होते.

त्यानंतर लाकडी मोगरीने ठोकणी. आरंभी हलके, पुढे जोर वाढवीत, रोज थोडे याप्रमाणे एकूण सुमारे सहा तास. कडांवर घाव तिरका असावा. तळावर व पाठीवर ठोकू नये. मग जुन्या चेंडूवर हलके फटके मारून पाहावेत. शिवणीचे वळ उमटले, तर पुन्हा मोगरी हाती घ्यावी.

एवढे करूनही केसासारख्या बारीक चिरा दिसतात. त्या बॅट मोडल्याची खूण नव्हेत. सुटलेला पापुद्रा पॉलिश पेपरने घासून त्यावर चिकटपट्टी लावावी. चीर खोल असेल तर खेळ तत्काळ थांबवावा. फेव्हिकॉल आत उतरवून, घट्ट बांधून, पूर्ण एक दिवस वाळू द्यावे आणि वरून धाग्याची पट्टी गुंडाळावी. सांध्यातील किंवा पात्याच्या आरपार गेलेली चीर मात्र कारागिराकडेच न्यावी.

वाडीत पावसाळ्यात कृष्णामाई दत्तमंदिरात येते, दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. त्या दिवसांतली ओल बॅटीचा तळ फुगवते आणि फुगलेला तळ फुटतो. तळाला रबरी कवच लावावे, बॅट कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये.

बॅट विकणाऱ्याने हे विक्रीच्या वेळीच सांगितले, तर पुढचा तंटा टळतो. आणि ठोकणीचे तास वडिलांनी नव्हे, मुलानेच द्यावेत. स्वतःच्या हाताने तयार केलेली बॅट कोणी पावसात टाकून घरी येत नाही.