टर्मिनलवरील स्थितिदर्शक ओळ

तापीच्या पुराची वार्ता सुरतकरांस नवी नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने आपल्या शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. म्हणूनच पावसाळ्यात उकाईचे पाणी ३४५ फुटांच्या पूर्ण पातळीपासून किती खाली आहे आणि होप पुलापाशी नदी ९.५ मीटरच्या धोक्याच्या पातळीस किती जवळ आली आहे, हे दोन आकडे आपण आवर्जून पाहतो. नदी अडविणे आपल्या हाती नसते. परंतु आकडा वेळीच कळला तर सामान माडीवर नेता येते.

संगणकावर काम करणाऱ्यासही अशा मापकाची गरज भासते. टर्मिनल म्हणजे संगणकास अक्षरांनी आज्ञा देण्याची खिडकी. अँथ्रॉपिक या कंपनीने २०२५ साली आणलेला ‘क्लॉड कोड’ हा साहाय्यक या खिडकीत काम करतो. आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने फाइली वाचून प्रोग्रॅम लिहावा, अशी त्याची रीत आहे. परंतु त्याच्या स्मरणास मर्यादा असते. संभाषण लांबले की ती भरत येते. मग मागील बोलण्याचा सारांश करून जागा मोकळी केली जाते आणि आरंभी दिलेली एखादी बारीक सूचना त्यातून गळून जाण्याचा संभव असतो. शिवाय आपण कोणत्या फोल्डरात आहोत याचे भान सुटल्यास भलत्याच फाइली बदलल्या जातात.

यावर उपाय म्हणजे पडद्याच्या तळाशी सतत दिसणारी स्थितिदर्शक ओळ. तिची रचना अशी : आपल्या ‘होम’ फोल्डरातील ‘डॉट क्लॉड’ या फोल्डरात ‘सेटिंग्ज’ नावाची फाइल असते. तीत ‘स्टेटसलाइन’ या नावाखाली एका लहान स्क्रिप्टचा पत्ता लिहावा. साहाय्यक प्रत्येक उत्तरानंतर आपल्या स्थितीची माहिती ‘जेसन’ या स्वरूपात त्या स्क्रिप्टच्या हाती देतो. स्क्रिप्ट त्यातील हवे तेवढे निवडून छापते आणि तेच तळाशी उमटते. स्क्रिप्टला चालण्याची परवानगी देण्यास विसरू नये. अन्यथा ओळ कोरीच राहते. ज्यांस स्क्रिप्ट लिहिता येत नाही, त्यांनी तिरपी रेघ देऊन ‘स्टेटसलाइन’ असे टंकावे आणि काय हवे ते शब्दांत सांगावे. साहाय्यक स्वतःच ती लिहून देतो. ही स्क्रिप्ट आपल्याच संगणकावर चालते. तीमुळे साहाय्यकाच्या वापराचा खर्च वाढत नाही.

ओळीत काय ठेवावे हा विवेकाचा प्रश्न आहे. चालू फोल्डर, स्मरण शेकडा किती भरले तो आकडा आणि डॉलरांतील अंदाजी खर्च एवढे नवशिक्यास पुरे. दहा आकड्यांच्या गर्दीत धोक्याचा आकडा दिसेनासा होतो.

साहाय्यक कितीही कुशल असो, आपण कोठे आहोत आणि हाती किती उरले आहे, हे पाहणे आपलेच काम होय. मापक केवळ आकडा दाखवितो. सामान वेळीच माडीवर न्यावयाचे असते ते आपणच.