फेनिलकीटोनमेह : आहारोपचार व बालकांच्या संगोपनाची व्यवस्था

आनुवंशिक विकार म्हणजे ज्यावर इलाज नाही असा विकार, ही समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. फेनिलकीटोनमेह या दुर्मिळ विकाराचा इतिहास पाहिला असता ती निराधार ठरते. या विकारातील बौद्धिक हानी टाळता येते. मात्र त्यासाठी निदान, आहार व देखरेख यांची अखंड व्यवस्था लागते.

प्रथिनांतील फेनिलॲलानीन या ॲमिनो अम्लाचे टायरोसिनात रूपांतर करणारे एंझाइम या बालकांच्या यकृतात नसते किंवा अपुरे असते. त्यामुळे ते अम्ल रक्तात साचून वाढत्या मेंदूला अपाय करते. माता व पिता दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारात एक असतो. वाहक स्वतः निरोगी असतात. जन्मतः बालकही निरोगीच दिसते. लक्षणे ध्यानात येईपर्यंत हानी होऊन गेलेली असते, आणि ती भरून येत नाही.

१९३४ साली नॉर्वेमधील वैद्य आस्ब्यर्न फेलिंग यांनी दोन भावंडांच्या मूत्रपरीक्षेवरून हा विकार प्रथम ओळखला. मुलांच्या अंगाला येणाऱ्या विचित्र वासाकडे त्यांच्या मातेनेच वैद्यांचे लक्ष वेधले होते. पुढे बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बालिकेस फेनिलॲलानीन अत्यल्प असलेला आहार दिला व त्याचा गुण १९५३ साली प्रसिद्ध केला. रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून घेतलेल्या व टिपकागदावर वाळविलेल्या रक्तबिंदूची सोपी चाचणी शोधली. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने नवजातांसाठी ती कायद्याने आवश्यक केली. या चाचणीमुळे लक्षणांपूर्वी उपचार शक्य झाले.

उपचाराचा खरा भार मात्र स्वयंपाकघरावर पडतो. अन्नातील एक ग्रॅम प्रथिनात सुमारे ५० मिलिग्रॅम फेनिलॲलानीन असते. म्हणून दूध, डाळी, अंडी, मांस व शेंगदाणे वर्ज्य किंवा अगदी मर्यादित करावे लागतात. गहू, ज्वारी व तांदूळही मोजूनच द्यावे लागतात. महाराष्ट्रीय घरातील वरणभात व भाकरी यांवरच बंधन येते. साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असल्याने तो उपयोगी पडतो, परंतु खिचडीतील दाण्याचे कूट चालत नाही. फेनिलॲलानीन पूर्णपणे वगळणेही घातक असते, कारण वाढीसाठी ते काही प्रमाणात आवश्यकच आहे. उरलेली गरज फेनिलॲलानीनविरहित ॲमिनो अम्लांच्या खास मिश्रणाने भागवावी लागते. त्याचा पुरवठा खंडित झाला, तर शिस्तबद्ध कुटुंबही हतबल होते.

पूर्वी शालेय वयात पथ्य थांबविण्याची प्रथा होती. तसे केल्याने एकाग्रता, वर्तन व बुद्धी यांवर अनिष्ट परिणाम होतात असे आढळल्यामुळे आता ते आजन्म पाळण्याचा सल्ला दिला जातो. विकारग्रस्त स्त्रीच्या बाबतीत गर्भधारणेपूर्वीपासून नियंत्रण आवश्यक असते. अन्यथा गर्भाचा मेंदू व हृदय यांना इजा पोचते. सॅप्रोप्टेरिनसारखी औषधे काही रुग्णांनाच लागू पडतात.

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात या विकाराचा समावेश विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांत केलेला आहे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक होय. तथापि सर्व नवजातांची चाचणी देशभर सक्तीची नाही. चाचणीच न झालेल्या बालकाला साहाय्याची तरतूद वेळेवर उपयोगी पडू शकत नाही.

यावरून संगोपनाच्या सुधारणेची दिशा स्पष्ट होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चाचणी, आहारमिश्रणाचा नियमित पुरवठा, घराजवळ रक्ततपासणीची सोय, मातापित्यांना प्रादेशिक आहारानुसार मार्गदर्शन आणि शिक्षकांना पथ्याची माहिती, हे सर्व दुवे एकमेकांवर अवलंबून आहेत. यांपैकी एक दुवा निखळला तरी त्याची किंमत बालकाच्या बुद्धीने मोजावी लागते. आहारशास्त्र, समाजकार्य व शिक्षणशास्त्र यांच्या अभ्यासकांना येथे वैद्यकाच्या बरोबरीने कार्य करण्यास वाव आहे.