पुन्हा एकदा

धानाची कापणी होते, मळणी आटोपते आणि झाडीपट्टीला नाटकांचे वेध लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या पूर्व विदर्भातील दाट वनांच्या मुलखाला 'झाडीपट्टी' असे म्हणतात. दिवाळीनंतर येथे गावोगावी मंडई भरते आणि रात्री मंडपातील पडदा वर जातो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या भागातील नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र होय. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. आसपासच्या गावांतील माणसे पायी, बैलगाडीने, दुचाकीने येतात आणि थंडीत अंगावर पांघरूण ओढून बसतात. त्यांतील कित्येकांनी तेच नाटक पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेले असते. विनोदी पात्र रंगमंचावर येण्याआधीच ते हसू लागतात. मुलीची पाठवणी सुरू होण्याआधीच बायकांचे पदर डोळ्यांकडे जातात.

पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असताना माणसे पुन्हा का येतात? पाहिलेलेच पाहण्यात आणि ऐकलेलेच ऐकण्यात कोणते सुख असते? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो बरीच वर्षे तसाच वाटत असे. एका लहान मुलीमुळे माझा तो समज दूर झाला.

ती धानोरा तालुक्यातील एका आडवळणाच्या गावची, वसतिगृहात राहून सहाव्या इयत्तेत शिकणारी. पावसाळ्यात नाले भरले की तिच्या गावची वाट बंद होई आणि घरी फोनही लागत नसे. अशा एका रविवारी व्हरांड्यात बसून ती मोबाइलवर एक चित्रफीत पाहत होती. ती संपली की पुन्हा लावी. चौथ्या वेळी मी पुढे झालो आणि म्हणालो, "तेच तेच काय पाहतेस? काही नवे, ज्ञानाचे पाहा." तिने काही न बोलता मोबाइल माझ्या हाती दिला. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण भीत भीत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, त्या दंडारीत तिचे बाबा हायेत जी. ते सोंग घेऊन पडतात, तिथं ती हसते. मग जेवते."

मी ओशाळलो. मोबाइल घेऊन तिच्याकडे गेलो आणि ती तीन मिनिटांची चित्रफीत तिच्याजवळ बसून पाहिली. कोणत्या ठिकाणी हसायचे, हे तिने मला आधीच सांगून ठेवले होते. तरीही त्या ठिकाणी मला हसू आलेच. त्या दिवसापासून मी या विषयाचा विचार करू लागलो.

विचार करता लक्षात आले की, ही आवड आजची नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्रेचा विवाह अखेर अर्जुनाशीच होणार, हे महाभारताची कथा जाणणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकास पहिल्या प्रयोगापासून ठाऊक होते. तरी त्या नाटकाचे प्रयोग शंभराहून अधिक वर्षे होत आले आहेत. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात एखादे पद रंगले की प्रेक्षागृहातून 'वन्समोअर' असा पुकारा होई आणि नट ते पद पुन्हा गाई. बालगंधर्वांच्या गायनाला असे कितीतरी 'वन्समोअर' मिळत. आज आपण बोटाने एक खूण दाबून जे करतो, तेच आपले पणजोबा टाळ्या वाजवून करवून घेत असत.

पुढे चित्रपट आला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली प्रदर्शित झाला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, तर विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली होती. मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबांचे चरित्र महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नव्हते? ठाऊक होते म्हणूनच लोक ते डोळे भरून पाहावयास गेले. १९८८ साली आलेला, सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला 'अशी ही बनवाबनवी' हा विनोदी चित्रपट तर घरोघरी इतक्या वेळा पाहिला गेला आहे की, अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या तोंडची वाक्ये पाहणारे त्यांच्या आधीच म्हणून टाकतात. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती कित्येक मराठी कुटुंबांनी मुखोद्गत होईपर्यंत ऐकल्या आहेत.

२०२० सालचे उदाहरण अधिक बोलके आहे. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली. रस्ते ओस पडले आणि उद्याची चिंता प्रत्येकाच्या मनात घर करून बसली. अशा वेळी दूरदर्शनने १९८७ साली प्रथम दाखवलेली रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका पुन्हा दाखवण्यास आरंभ केला. ती लक्षावधी घरांत पाहिली गेली. बाहेरच्या जगात उद्या काय घडेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. पडद्यावर मात्र सेतू बांधला जाणार आणि सीतामाई सुटणार, हे निश्चित होते.

येथेच आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडते. चिंता ही बहुतांशी अनिश्चिततेतून जन्म घेते. नवी कथा पाहताना मनाला सावध राहावे लागते: नायक वाचेल काय, हरवलेले मूल सापडेल काय? मन प्रसन्न असेल तेव्हा ही उत्कंठा गोड वाटते. मन थकलेले असेल तेव्हा तिचाही भार होतो. परिचित कथेत हा भार नसतो. शेवट ठाऊक असल्यामुळे मन निर्धास्त होते. ओळखीच्या पायवाटेने अंधारातही आपण न अडखळता घरी जातो, तसेच हे आहे.

दुसरे कारण परिचयाचे. रॉबर्ट झायन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने लोकांना अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे व अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखवली. काही एकदोन वेळा, तर काही पंचवीस वेळांपर्यंत. जी अधिक वेळा दिसली, ती लोकांना अधिक चांगली वाटली. केवळ वारंवार दिसल्याने एखादी गोष्ट आपलीशी वाटू लागते, असा याचा अर्थ. मग जी मुळातच आवडली, ती परिचयाने आणखी प्रिय व्हावी यात नवल ते काय?

तिसरे कारण रसास्वादाचे. प्रथम पाहताना आपले सारे लक्ष 'पुढे काय?' याकडे असते. दुसऱ्यांदा पाहताना 'कसे?' याकडे लक्ष जाते. नटाने वाक्य उच्चारण्यापूर्वी घेतलेला क्षणभराचा विराम, मागे उभ्या असलेल्या पात्राची मुद्रा, पेटीवाल्याने धरलेला सूर हे सारे तेव्हा ध्यानी येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०११ साली काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगून मग ती वाचावयास दिली. त्या वाचकांना कथा कमी नव्हे, तर थोडी अधिकच आवडली. पुढील सर्वच प्रयोगांत असे आढळले नाही. परंतु शेवट कळला की कथेतील गोडी संपते, हा समज मात्र खरा नाही. आपले कीर्तनकार हे पूर्वीपासून जाणतात. ध्रुवाचे वा प्रल्हादाचे आख्यान श्रोत्यांना पाठ असते. ते आज कसे रंगते, हे ऐकण्यासाठी श्रोते येतात.

चौथे कारण स्मृतीचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. जी गोष्ट आपण आनंदाच्या वेळी पाहिली, तिच्याशी त्या वेळची माणसे जोडलेली राहतात. ती गोष्ट पुन्हा पाहिली की ती माणसेही जवळ येऊन बसतात. त्या मुलीला मोबाइलच्या वीतभर पडद्यावर दंडार दिसत होती, पण तिच्यामागे तिला आपले अंगण, ढोलकीचा आवाज आणि हसणारी आई भेटत होती. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर विनोदी भूमिका गाजवणारे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. त्यांनी आजवर पाच हजारांहून अधिक प्रयोगांत काम केले आहे. एवढ्या रात्री ज्यांनी माणसांना हसवले, त्यांनी किती घरांतील दुःखाचा भार हलका केला असेल, याचा हिशेब कोण मांडणार?

असे असले तरी येथे विवेक हवा. औषध गुणकारी असले तरी ते मात्रेतच घ्यावयाचे असते. मोबाइलची एक रीत ध्यानात ठेवावी. आपण निवडलेली चित्रफीत संपते न संपते तोच तो आपणहून दुसरी, मग तिसरी पुढे करतो. पहिली आपण निवडलेली असते. पुढच्या यंत्राने निवडलेल्या असतात. पहिलीने मन हलके होते. पुढच्यांनी डोळे शिणतात, झोप उडते आणि अभ्यास राहून जातो. म्हणून पाहून झाल्यावर स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा: आता उठून कामाला लागावेसे वाटते काय? उत्तर 'होय' असेल तर तो विरंगुळा. उत्तर 'नाही' असेल तर ते केवळ गुंतणे होय. ती मुलगी हसत असे आणि मग जेवावयास जात असे. तिचा विरंगुळा खरा होता.

आणखी एक. काही दुःखे अशी असतात की, ती कोणत्याही चित्रफितीने हलकी होत नाहीत. मनावरचे मळभ दिवसेंदिवस हटत नसेल, तर ते एकट्याने सोसू नये. आईवडील, शिक्षक किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसापाशी मन मोकळे करावे. त्याचप्रमाणे आपल्या शेजारी कोणी तेच गाणे वा तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहत असेल, तर "पुन्हा तेच?" असे म्हणून त्याची थट्टा करू नये. क्षणभर जवळ बसावे आणि म्हणावे, "मलाही दाखव." मी हे उशिरा शिकलो, तुम्ही ते लवकर शिकावे, एवढीच इच्छा.

पावसाळा सरला, नाल्यांचे पाणी ओसरले आणि दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी घरी गेली. परत आली तेव्हा तिच्याजवळ त्या वर्षीच्या दंडारीची नवी चित्रफीत होती. आम्ही सर्वांनी मिळून ती पाहिली. तिचे वडील पुन्हा तसेच सोंग घेऊन पडले आणि सारा व्हरांडा हसला. हसू ओसरताच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "पुन्हा एकदा!" आणि या वेळी मोबाइल माझ्या हातात असल्यामुळे ते काम मलाच करावे लागले.