सात डिग्रीच्या खाली

कॅनडात मिसिसॉगाला लेकीकडे पोचले ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये चार टायर एकावर एक रचून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले दिसले. आपल्याकडे डांबरगोळ्या घालून ट्रंकेत स्वेटर ठेवतात तसे. मला ती उधळपट्टी वाटली. माझ्या वडिलांचं कराडला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. टायर गोटा होईपर्यंत पळवायचा, मग त्यावर नवं रबर चढवून पुन्हा पळवायचा, हे बघत मी वाढले. धडधाकट टायर ऋतू बदलला म्हणून काढून ठेवायचा, हे काही पटेना.

पुढच्याच आठवड्यात पहिला बर्फ पडला. लेकीची गाडी आमच्याच कोपऱ्यावर, स्टॉपच्या पाटीपाशी थांबलीच नाही. ब्रेक तिच्या पायाखाली थरथरत होता आणि गाडी आपली पुढे सरकत होती. मी शेजारच्या सीटवर होते. आडव्या रस्त्याने कुणी येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. टायर तीन वर्षांचे, नक्षीही चांगली शिल्लक. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘ऑल-सीझन आहेत, बाराही महिने चालतील.’

शनिवारी ती नवे टायर बघायला निघाली आणि मीही बरोबर गेले.

ब्रॅम्प्टनच्या बाजूला एक गॅरेज आहे. बाहेर गाड्यांची रांग, आत दोन लिफ्ट, नट सोडवण्याच्या मशीनचा कडकडाट. पण आत पाऊल टाकताच मला आधी आला तो वास. कोऱ्या रबराचा. वडिलांच्या दुकानात तो तापलेला, डोक्यात जाणारा असायचा. इथे मोठं शटर वर गेलं की बाहेरची थंडी आत घुसायची आणि वास विरून जायचा. शटर खाली आलं की हळूहळू परत यायचा. तासभर मी त्याचीच वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

टायर बसवणारे गृहस्थ लुधियानाकडचे सरदारजी, पन्नाशीचे. हातांना भेगा, नखांत काळं. लेकीने त्यांना सरळच सांगितलं, पुन्हा ऑल-सीझनच घ्यायचेत, पण चांगल्यातले. वर्षातून दोनदा बदलाबदलीचा व्याप नको. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या तिच्या गाडीपाशी मला नेलं आणि म्हणाले, ‘‘आंटी जी, नाखून दबाओ.’’ मी दाबलं. जुन्या चपलेच्या तळव्यासारखं टणक. मग शटरबाहेरच्या रॅकमधला थंडीचा टायर पुढे केला. तोही तितकाच गारठलेला, पण नख खोडरबरात रुतावं तसं रुतलं.

‘‘सात डिग्री,’’ ते म्हणाले. ‘‘सात के नीचे ये वाला पत्थर है.’’

त्या तासाभरात सातचा आकडा त्यांच्या तोंडून मी चार-पाच वेळा तरी ऐकला. लोक बर्फाची वाट बघतात, पण रस्ता कोरडा असला तरी पारा सातच्या खाली उतरू लागला की ऑल-सीझनचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटू लागते. थंडीच्या टायरचं रबरच वेगळं घडवलेलं असतं, ते गारठ्यातही लवचीक राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फ धरतात. आणि बर्फावर सगळ्यात चांगला चिकटतो तो बर्फच.

फिनलंडमध्ये खास हिवाळ्यासाठीचा टायर १९३४ सालीच निघाला होता, तो ट्रकसाठी. अमेरिकेत गुडइयरने १९७७ साली ‘टिएम्पो’ आणला आणि वर्षभर एकच जोड वापरायची सवय तिथून पसरली. ही सोय खोटी नाही, नाव मात्र फसवं आहे. टेक्सासमध्ये सगळे ऋतू म्हणजे एक, ओंटारिओत दुसरंच काही. लेकीच्या टायरवर ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरं होती. ती नुसती खाचांच्या रचनेवरून मिळतात, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही! खरी खूण वेगळी आहे, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती १९९९मध्ये आली. ती मिळवायला ठरावीक प्रमाण टायरपेक्षा बर्फावर निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. तीही मुख्यतः गाडी पुढे काढताना.

‘‘चल तो सब पड़ते हैं,’’ सरदारजी म्हणाले, ‘‘रुकना देखो.’’

मग त्यांनी ‘ऑल-वेदर’ दाखवला. नाव ऑल-सीझनच्या इतकं जवळचं की माझा गोंधळच उडाला. पण याच्यावर डोंगराची खूण आहे आणि तो वर्षभर काढावा लागत नाही. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च थंडीचे टायर सक्तीचे आहेत, तिथेही ही खूण असली की चालतो. लेकीचा चेहरा उजळला. हेच तर हवं होतं तिला.

आणि तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘बेटा, घर से कितने बजे निकलती हो?’’

गाडी कुठली, बजेट किती, यातलं काहीच विचारलं नव्हतं. ती नर्स आहे, सातची पाळी. पावणेसहाला निघते, लेकीने सांगितलं. ते टायर परत रॅकवर ठेवायला वळले. पावणेसहाला गल्लीतून बर्फ काढणारी गाडी आलेली नसते, म्हणाले. मीठही पडलेलं नसतं. तुला थंडीचेच घ्यावे लागतील.

हा प्रश्न तिला गाडी विकताना कुणी विचारला नव्हता. मीही कधी विचारला नव्हता.

आमच्या मागच्या आजोबांना त्यांनी ऑल-वेदरच दिले. आजोबा म्हणाले, बर्फ पडला की मी दोन दिवस घरीच बसतो. त्यांच्यानंतर मोठ्या गाडीतला एक तरुण आला. ‘माझी चारही चाकं ओढतात, मला काय गरज?’ सरदारजींनी त्याला शांतपणे सांगितलं, चारही चाकं ओढतात ती निघताना. ब्रेक मारलास की तुझी गाडी हिच्यासारखीच, उलट जड. तो घुटमळला आणि काही न घेता गेला. ते बराच वेळ त्याच्या गाडीकडे बघत राहिले.

टायर चढले, बॅलन्सिंग झालं, नट आमनेसामने असे आळीपाळीने आवळले. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासून घ्यायला या, एवढं बजावलं. चारही टायर एकदमच बदलायचे, हेही. दोनच घातले तर पुढचं धरतं आणि मागचं फिरतं.

घरी येताना मी वडिलांच्या पद्धतीने हिशेब मांडला. दोन जोड असले की प्रत्येक जोड वर्षातले काही महिनेच झिजतो, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं पुरतात. मी उधळपट्टी म्हटलं होतं, ते शब्द मागे घेतले. एप्रिलमध्ये पारा सातच्या वर टिकला की हे काढायचे, नाहीतर उन्हाळ्यात मऊ रबर भराभर झिजेल.

तुमचं कुणी टोरांटोत, शिकागोत, बर्फाच्या कुठल्याही गावात असेल, तर आज फोनवर जेवलास का विचारून झालं की एवढंही विचारा: घरातून किती वाजता निघतोस, आणि तुझ्या टायरच्या बाजूवर डोंगरातला हिमकण आहे का? खाली जाऊन बघायला सांगा. फोन चालूच ठेवा.