उलुवातू: एकाच लाटेला कुणी पाच स्टार देतं, कुणी एक. असं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. मधले 'अं' आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एक लाट आहे. बालीच्या दक्षिणेला बुकित नावाचा चुनखडीचा पठारी भाग आहे आणि त्याच्या नैऋत्य टोकाला उलुवातू. साधारण ७० मीटर उंच कड्यावर समुद्राचं जुनं मंदिर आहे आणि त्याच कड्याच्या रांगेत खाली जगप्रसिद्ध लाट फुटते. जायच्या आधी मी तिथे जाऊन आलेल्या सर्फर्सची मतं अधाशासारखी वाचली होती. एक म्हणतो, 'आयुष्यातली सर्वोत्तम लाट.' दुसरा म्हणतो, 'गर्दी, शिवीगाळ, पायाला टाके. परत जाणार नाही.' म्हणजे मधलं मत जवळजवळ नाहीच!

आपण सॉफ्टवेअरवाले अशा वेळी काय करतो? सरासरी काढतो. साडेचार स्टार, चला, जाऊया. पण सरासरी गुडघाभर असलेल्या नदीतही माणूस बुडतो. मी तेच केलं आणि त्याची खूण अजून डाव्या तळपायावर आहे. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी ही लाट चालते कशी ते बघू, कारण त्याशिवाय ही भांडणं कळत नाहीत.

लाट येते कुठून?

या लाटा बालीत जन्मत नाहीत. दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाच्या वरच्या पट्ट्यात मोठी वादळं होतात. त्यांनी ढवळलेलं पाणी हजारो किलोमीटर प्रवास करत काही दिवसांनी हिंदी महासागराच्या या टोकाला पोचतं. वाटेत लहानसहान लाटा विरतात, लांब आणि ताकदवान लाटा उरतात. इथे त्यांना अचानक उथळ प्रवाळाचा कातळ लागतो आणि त्या उभ्या राहून फुटतात. कातळ तिरपा असल्यामुळे लाट एकदम कोसळत नाही, एका बाजूने सोलल्यासारखी फुटत जाते. सर्फरच्या दृष्टीने ती डावीकडे जाते, म्हणून तिला 'लेफ्ट' म्हणतात. उजवा पाय पुढे ठेवून उभं राहणाऱ्यांचं तोंड लाटेकडे राहतं, त्यामुळे त्यांची इथे चंगळ. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांची लाटेकडे पाठ असते. म्हणजे 'सोपी' की 'अवघड' हे मत काही अंशी मत देणाऱ्याच्या पायावर ठरतं!

आता वारा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा मोसम. तेव्हा आग्नेयेकडून वारा येतो, म्हणजे इथे जमिनीवरून समुद्राकडे. तो लाटेची भिंत उभी धरतो आणि पाणी स्वच्छ, गुळगुळीत दिसतं. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, वारा उलटा फिरतो आणि लाट विस्कटते. मग जाणकार मंडळी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर जातात. जानेवारीत जाऊन 'उगाच नाव आहे' असं लिहिणारा खोटं बोलत नसतो. तो फक्त चुकीच्या महिन्यात गेलेला असतो.

एक नाव, चार लाटा

उलुवातू म्हणजे एक लाट नाहीच. टेम्पल्स, पीक, रेसट्रॅक आणि आउटसाइड कॉर्नर असे वेगवेगळे भाग आहेत. भरतीला पीक चालते आणि ती त्यातल्या त्यात क्षमाशील आहे. पाणी उतरलं की रेसट्रॅक जागी होते: वेगवान, पोकळ आणि कातळाच्या अगदी जवळ. समुद्र खूप मोठा असेल आणि ओहोटी असेल तर बाहेर आउटसाइड कॉर्नर फुटते, तिथे फक्त अनुभवी लोक असतात. सकाळी आठला आणि दुपारी दोनला गेलेल्या दोन माणसांनी एकाच दिवशी दोन वेगळ्या लाटा पाहिलेल्या असतात. दोघंही नाव एकच लिहितात. ऑफिसातलं 'माझ्या मशीनवर तर चालतंय' आठवतंय ना? अगदी तेच. कुठलं व्हर्जन, कुठली सेटिंग, हे सांगितल्याशिवाय बग रिपोर्टला अर्थ नाही.

त्यात भर म्हणून ती गुहा. पाण्यात उतरायची आणि परत यायची मुख्य वाट कड्याखालच्या गुहेतून जाते. उतरणं सोपं, परत येणं कठीण. प्रवाह सहसा पादांग पादांगच्या दिशेने ओढतो, म्हणून गुहेच्या बरंच अलीकडे नेम धरून वल्हवावं लागतं. नेम चुकला तर गुहा डोळ्यांसमोरून निघून जाते आणि पूर्ण वळसा घालून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. भरती चढली की तिथला वाळूचा तुकडाही पाण्याखाली जातो.

माझं काय झालं

मी शिकलो गोव्यात. वाळूचा तळ, कमरेएवढी लाट, पडलो तरी हसायचं. एवढ्या भांडवलावर मी कड्यावरच्या टपरीत बसून खाली बघत होतो. आणि खरं सांगतो, वरून लाट लहान दिसते. सगळे किती सहज उठतायत! मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितलं नाही. पाणी उतरत होतं. पहिल्याच लाटेवर उशिरा उठलो, पडलो, आणि सवयीने पाय खाली टेकले. वाळूवर ते चालतं, प्रवाळावर नाही. तळपाय फाटला.

पण त्याहून जास्त बोचलं ते नंतरचं. घाबरून वल्हवताना मी आणखी दोघांच्या वाटेत गेलो. त्यातला एक स्थानिक होता, माझ्या काकांच्या वयाचा. त्याने मला चुकवण्यासाठी आपली चांगली लाट सोडली. ओरडला नाही. मला गुहेपर्यंत कुठल्या रेषेत जायचं ते हाताने दाखवलं आणि परत गेला. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक स्टारचा रिव्ह्यू तयार होता: 'धोकादायक, गर्दी, टाळा.' मग लक्षात आलं की त्या दिवशी त्या लाटेतला धोका आणि गर्दी मीच होतो.

गर्दीचं गणित

पाण्यातला नियम साधा आहे. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. एका लाटेवर एक माणूस. दुसरा त्याच्यापुढे घुसला तर त्याला 'ड्रॉप इन' म्हणतात आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. आता बघा, चांगल्या लाटा ठरावीक वेळाने गटागटाने येतात, आणि वाट बघणारी माणसं वाढतच जातात. लाटेचा सर्व्हर मोठा करता येत नाही, दोस्तहो.

ही गर्दी आली कुठून? १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक अल्बी फाल्झन यांनी इथे चित्रण केलं. रस्टी मिलर आणि किशोरवयीन स्टीव्ह कूनी या लाटेवर उतरले, आणि पुढच्या वर्षी 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' हा चित्रपट आला. त्यानंतर ही जागा जगाला कळली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हरची जागतिक स्पर्धा शार्कच्या हल्ल्यांमुळे अर्ध्यात थांबली, तेव्हा उरलेल्या फेऱ्या जूनमध्ये उलुवातूलाच झाल्या. आता बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियानंतर आपला नंबर लागतो, २०२३ मध्येही आणि २०२४ मध्येही. 'फार गर्दी झालीय हो' म्हणताना आपण त्या आकड्यात आहोत, हे विसरायचं नाही.

कड्याचं काय?

आलेल्या सर्फर्सची दुसरी मोठी तक्रार म्हणजे कचरा आणि बांधकाम. पावसाळ्यात कुता, जिम्बारानच्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकचे ढीग लागतात. २०२४ मध्ये मंदिराखालच्या कड्याला तडा गेल्यामुळे पायथ्याशी संरक्षक भिंत बांधायचं काम सुरू झालं. त्यासाठी कडा खोदताना चुनखडीचा राडारोडा समुद्रात पडला आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. सर्फर चिडले, कारण कातळावर गाळ बसला तर प्रवाळ मरतं आणि लाटेवरही परिणाम होऊ शकतो. पण दुसरी बाजूही आहे. वर मंदिर आहे, ते तिथल्या लोकांच्या श्रद्धेचं ठिकाण आहे, आणि कडा ढासळू द्यायचा का, हा प्रश्न पाहुण्यांच्या लाटेहून मोठा आहे. काम कसं झालं यावर टीका जरूर करावी. पण दहा दिवसांसाठी आलेल्याने निकाल देण्याआधी ऐकून घ्यावं.

तसंच १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण आठशे रुपये, शुल्क भरावं लागतं. संस्कृती आणि निसर्ग जपण्यासाठी ते आहे असं सरकार सांगतं. त्यावर कुरकुर करण्यापेक्षा ते कुठे खर्च होतं, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

मग मतं वाचायची कशी?

चार प्रश्न विचारा. लिहिणारा कुठल्या महिन्यात गेला होता? भरती होती की ओहोटी? आउटसाइडला गेला की पीकवर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला सर्फिंग किती येत होतं? या चारांची उत्तरं नसतील तर ते मत म्हणजे फक्त मूड आहे.

नुकतेच शिकत असाल तर कुतासारख्या वाळूच्या किनाऱ्यावर जा. उलुवातूला कड्यावर बसा, नारळपाणी प्या, तासभर फक्त बघा. त्यातही मजा आहे, आणि तुम्ही कुणाची लाट बिघडवत नाही.

मी रिव्ह्यू लिहिला, पण उशिरा. त्यात महिना लिहिला, ओहोटी लिहिली, 'मला येत नव्हतं' हेही लिहिलं. स्टार दिले नाहीत. पुढच्या वर्षी परत जाणार आहे. तोवर गोव्यात उठायची प्रॅक्टिस, आणि पाय न टेकवता पडायची सुद्धा.

तुम्ही एखाद्या ठिकाणाला रागात एक स्टार दिलाय आणि नंतर वाटलंय की चूक आपली होती? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू मग, काळजी घ्या!